चौदा तास उपाशी, तरी पोट भरलेलं

केस तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांची. वय ५४, वजन १०१ किलो, शुगर ११ वर्षांपासून, बीपीची एक गोळी चालू, पित्ताशयात खडे. फेब्रुवारीत एकदा रात्री जोरात दुखलं होतं, सलाईन-इंजेक्शनवर थांबलं, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं की काढून टाका, पण तेव्हा माल उतरायचा होता. मग एप्रिलची खरड छाटणी आली, ती उरकली आणि मग जूनमध्ये सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढायची तारीख घेतली. म्हणजे घाईचं काहीच नव्हतं, तारीख बघून ठरवलेलं ऑपरेशन. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, वैद्यकीय भाग आहे तसा आहे.

मी भूलतज्ज्ञ. सांगली-मिरजेत आमच्यातले बरेच जण फिरते असतात, सकाळी एका दवाखान्यात, दुपारी दुसऱ्या. त्यामुळे पेशंटची आधीची तपासणी एकानं केलेली आणि भूल दुसरा देतोय असं सर्रास होतं. इथंही तसंच झालेलं. आठवडाभर आधीची तपासणीची शीट हातात घेतली तर सगळं व्यवस्थित भरलेलं होतं, ईसीजी, टूडी इको, तीन महिन्यांची सरासरी शुगर ७.४, डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी तीन दिवस आधी बंद करायला सांगितलेली आणि त्यांनी ती केलेलीही (ही गोळी चालू असताना माणूस उपाशी राहिला तर शुगर नॉर्मल दिसत असताना आतल्या आत किटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, म्हणून). सकाळची शुगर १६८. बीपीची गोळी सहा वाजता घोटभर पाण्याबरोबर घेतलेली. उपाशीपोटीच्या रकान्यात बरोबरची खूण.

लिस्टवर दुसरा नंबर होता, पहिली केस लांबली, त्यामुळे काकांना ओटीबाहेर आणून बसवलं तेव्हा पावणेअकरा झालेले. मी नेहमीसारखं परत एकदा विचारलं, कारण शीटवरची खूण म्हणजे सिस्टरनी विचारलं आणि पेशंट हो म्हणाला एवढंच.

"काका, शेवटचं कधी खाल्लं?"

"काल साडेआठला जेवलो म्याडम. दोन भाकऱ्या, भरलं वांगं, लसणाची चटणी. त्यावर पाण्याशिवाय कायबी न्हाई, ते बी अकरापर्यंत. तुमच्या कागदावर बारा लिवलंय, आपण एक तास आधीच बंद केलं."

सव्वाचौदा तास. कुठलंही गाईडलाईन काढा, पास. पण हे बोलता बोलता काकांनी एक ढेकर दिला आणि मास्क लावलेला असूनही मला लसणाचा वास आला. काकू शेजारीच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "असंच चाललंय बघा महिनाभर, आदल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी वर येतंय, दोन घास खाल्ले की पोट गच्च. खड्यांमुळं हुतंय म्हणं."

आता हे वाक्य कुणीही सोडून देईल, कारण पित्ताशयात खडे असलेल्या पेशंटला पोट फुगणं, मळमळ, ढेकर हे सगळं असतंच, आणि ऑपरेशनच त्यासाठी चाललंय. पण खड्यांचं दुखणं येतं आणि जातं, चौदा तासांपूर्वीच्या चटणीचा वास खड्यांमुळं येत नाही. मी विचारलं, शुगरच्या गोळ्यांशिवाय अजून काही घेताय का? नाही. आयुर्वेदिक वगैरे? नाही. इंजेक्शन?

"शुगरचं इंजेक्शन न्हाई घेत मी," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "अवो ते पोटावरचं, रविवारचं?" त्यावर काका, "ते शुगरचं कुठं हाय, ते वजनाचं हाय."

तर ते निघालं टिर्झेपेटाइड. पुण्याच्या पुतण्यानं घेतलेलं, त्याचं वजन उतरलं, मग ह्यांनीही तिथल्याच डॉक्टरांकडून सुरू केलं. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५ मिलिग्रॅम, वाढवलेल्या डोसचा हा तिसरा आठवडा. शेवटचं इंजेक्शन रविवारी, आणि आज बुधवार. आधीच्या तपासणीत "शुगरच्या गोळ्या कोणत्या" असा रकाना आहे, गोळ्या सगळ्या बरोबर सांगितल्यात. इंजेक्शन गोळी नाही आणि त्यांच्या हिशेबानं शुगरचंही नाही, मग सांगतील कशाला.

ही औषधं भारतात आता भरपूर झालीत. याच गटातल्या सेमाग्लुटाइडची गोळी २०२२ पासून मिळते, टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आलं, आणि हे फक्त पुण्या-मुंबईत चालतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्याकडच्या एखाद्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये डोकावून बघावं. त्यांचं काम भूक कमी करणं, शुगर खाली आणणं, आणि त्यातलाच एक भाग म्हणजे जठर रिकामं व्हायचा वेग कमी करणं. पोट भरल्यासारखं वाटतं ते काही अंशी खरंच भरलेलं असल्यामुळं. हा परिणाम सुरुवातीला आणि डोस वाढवताना जास्त असतो, नंतर शरीर बरंच जुळवून घेतं. त्यात ह्यांची शुगर ११ वर्षांची, म्हणजे जठराच्या नसा आधीच थोड्या मंदावलेल्या असू शकतात. कशामुळं किती ते मला सांगता येणार नाही, दोन्ही मिळून असणार. आणि अजून एक, भराभर वजन उतरलं की खडे व्हायची आणि त्रास द्यायची शक्यता वाढते, या औषधांसोबत पित्ताशयाच्या तक्रारी नोंदल्या गेल्यात. ह्यांचे खडे मात्र इंजेक्शनच्या आधीचे, फेब्रुवारीचे, त्यामुळं तो दोष त्याला देता येत नाही.

मी म्हणलं सोनोग्राफी करून बघू. इथं एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्यामुळं आमच्याकडं सोनोग्राफी मशीन बॅगेत घालून दवाखाने फिरता येत नाही, मशीन जागेवर नोंदवलेलं, वापरणारा डॉक्टर नोंदवलेला, सगळं कागदावर. कायदा का आला ते महाराष्ट्रात, त्यातून सांगली जिल्ह्यात, कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्यामुळं फिरत्या भूलतज्ज्ञाला प्रत्येक ठिकाणी मशीन मिळेलच असं नसतं. या दवाखान्यात होतं, आणि माझं नाव त्यावर नोंदवलेलं होतं.

काकांना उजव्या कुशीवर वळवलं. उजव्या कुशीवर का, तर जठरात जे काही असेल ते खालच्या भागात, अँट्रममध्ये, उतरून येतं. प्रोब बरगड्यांच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खाली, उभा धरायचा, डावीकडं लिव्हरचा कडेचा तुकडा दिसतो, मागं महाधमनी धडधडत असते, आणि त्यांच्यामध्ये अँट्रम. रिकामं असेल तर ते चपटं, जाड भिंतीचं, लहानसं गोल दिसतं. नुसतं पाणी असेल तर आत काळं आणि भिंत ताणलेली. काकांचं अँट्रम ताणलेलं होतं आणि आत काळं नव्हतं, पांढुरकं, खडबडीत, मध्ये मध्ये चमकणारे ठिपके, आणि खालची भिंत तर नीट दिसतच नव्हती. घन अन्न. मिनिटभर प्रोब तसाच धरला, भिंतीची एक सुस्त लाट आली आणि आतला सगळा ऐवज जागच्या जागी हलला, पुढं काही सरकलं नाही. काकूंनी स्क्रीनकडं बघून विचारलं, "खडा दिसतोय का?" म्हणलं नाही काकू, वांगं दिसतंय.

आता हे का घडतं ते थोडं नीट सांगते, कारण "इतके तास उपाशी" या हिशेबाच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते बऱ्याच जणांच्या डोक्यात स्पष्ट नसतं. जठरातून पाणी आणि जेवण एकाच वेगानं जात नाही. पाणी लगेच निघायला लागतं, साधारण १० ते २० मिनिटांत निम्मं गेलेलं असतं, मग उरलेल्यातलं निम्मं, असं करत तासाभरात फारसं राहतच नाही. घन अन्नाचं वेगळं, आधी काही वेळ काहीच बाहेर पडत नाही, तेवढा वेळ जठराचा खालचा भाग जात्यासारखा अन्न भरडत असतो, कण एकदोन मिलिमीटरचे झाले की मगच पायलोरसचं, म्हणजे जठराच्या खालच्या टोकाचं, दार ते पुढं सोडतं. तेलातुपाचं, शेंगदाण्याचं असेल तर आतड्याकडूनच उलटा निरोप येतो की हळू सोडा. आणि जे भरडलं जात नाही, चोथा वगैरे, त्यासाठी उपाशीपोटी दीड-दोन तासांनी एक मोठी लाट येते जी सगळं झाडून पुढं नेते. तब्येत धडधाकट असली की हे सगळं इतकं नियमित चालतं की घड्याळ बघून सांगता येतं पोट रिकामं झालं असेल. गाईडलाईनमधले तास हे असल्या पोटांसाठी आहेत. जुनी शुगर, किडनीचा आजार, आतडं अडकलेलं, अपघात होऊन वेदनेत असलेला माणूस, अफूवर्गीय वेदनाशामक चालू, बाळंतपणाच्या कळा, आणि आता ही इंजेक्शनं, या लोकांच्या बाबतीत घड्याळ काय म्हणतंय त्याला फार अर्थ राहत नाही.

पोट भरलेलं असलं तर एवढं काय बिघडतं? भूल दिली की खोकला, गिळणं, घसा बंद होणं हे सगळं बंद पडतं, जठराच्या तोंडाची पकड सैल होते आणि आतलं वर येऊन सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञानं १९४६ मध्ये हे सविस्तर मांडलं, १९३२ ते १९४५ मधली ४४,०१६ बाळंतपणं बघितली, त्यात ६६ जणींच्या फुप्फुसात पोटातलं गेलेलं, दोघी दगावल्या, आणि दोघीही घन अन्नानं श्वासनलिका बंद होऊन. आम्लानं फुप्फुस कसं भाजतं तेही त्यानं सशांवर दाखवलं. नंतर अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदीत, १९९३ सालच्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये हे प्रमाण ३,८८६ मध्ये एक आणि इमर्जन्सीत ८९५ मध्ये एक असं आलं. म्हणजे क्वचित घडतं. पण घडलं की काय होतं ते ज्यानं बघितलंय तो परत विचारत नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली भुलेतल्या श्वासमार्गाच्या गंभीर घटनांचा देशभराचा अहवाल आला, त्यातही मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण हेच निघालं.

सर्जनसरांना बाहेर बोलावलं. सरांचं पहिलं वाक्य, "चौदा तास झालेत की हो, अजून किती उपाशी ठेवायचं?" मी मशीन फिरवून स्क्रीन दाखवला. मग चर्चा झाली, आणि ती चांगली झाली. सर म्हणाले नाकातून नळी घालून काढून टाकू. पाणी असतं तर निघालं असतं, पण वांग्याची साल आणि भाकरीचे तुकडे नळीतून येत नाहीत, नळीच तुंबते. दुसरं सुचवलं की इमर्जन्सी अपेंडिक्सला जसं करतो तसं करा, डोकं वर, भरपूर ऑक्सिजन, मध्ये हवा न भरता झटकन श्वासनलिकेत नळी टाकून नळीचा फुगा फुगवा. करता येतं, रोजच करतो. पण तिथं आपण थांबलो तर पेशंटचं नुकसान होतं म्हणून ती जोखीम घेतो, इथं थांबल्यानं काय जाणार होतं? पित्ताशयाला सूज नव्हती, ताप नव्हता, कावीळ नव्हती. त्यात १०१ किलोचा माणूस, जाड मान, वर दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरून दाब वाढवायचा. एरिथ्रोमायसिन देऊन दोनतीन तास थांबायचा पर्यायही होता, ते जठराला पुढं ढकलायला लावतं. पण भरलेल्या ऐवजाकडं बघता दुपारपर्यंत रिकामं होईल याची मला खात्री नव्हती. सरांनी एक मिनिट विचार केला आणि म्हणाले, पुढं ढकलू, मी सांगतो त्यांना.

सांगायला मात्र मीही गेले, कारण राग भूलवाल्यांवरच येतो. आणि राग यायला कारण असतं. गाडी भाड्यानं केलेली, मुलगा दोन दिवस रजेवर, विम्याची मंजुरी आलेली ती आता परत मागवायची, बागेत खुडे-फुटव्याची मजुरं लावून ठेवलेली. मुलगा म्हणाला, "म्याडम, आम्ही कागदावर लिवलंय तसं तंतोतंत केलंय." खरंच होतं ते. त्याला म्हणलं, तुमची चूक नाहीच दादा, कागदानं विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. सोनोग्राफीचा फोटो दाखवला. काका गप्प होते, मग म्हणाले, "म्हंजे काल रात्रीचं अजून हितंच हाय?" आणि पोटावर हात ठेवून हसायला लागले. त्या हसण्यानं वातावरण बरंच निवळलं.

त्याच लिस्टवर शेवटच्या नंबरला एक आज्जी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, बेंबीजवळचा हर्निया. काकांची जागा रिकामी झाली म्हणून त्यांना आधी घ्यायचं ठरलं आणि मी त्यांना बघायला वॉर्डात गेले. वजन पन्नासच्या आत, शुगर नाही, काही नाही, आणि आदल्या रात्री नऊपासून पोटात थेंब नाही. कागदावर "रात्री बारानंतर काहीही घेऊ नये" लिहिलेलं, त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि त्यांचं ऑपरेशन लागलेलं दुपारी दोनला. जीभ टाळ्याला चिकटत होती, डोकं दुखत होतं, "बाई, घोटभर तरी द्या, मरू दे ते ऑपरेशन" म्हणत होत्या. मूळ वेळेलाच घेतलं असतं तर सतरा तास झाले असते. त्यांच्या पोटावर प्रोब ठेवला तर अँट्रम चपटं, आत काही नाही. मणक्यात भूल दिल्यावर बीपी खाली आलं, वयामुळंही येतं, पण इतकं कोरडं पडल्यावर येणारच, सलाईन आणि औषधानं सावरलं.

एकाच कागदानं, एकाच सकाळी, दोन्ही बाजूंनी चूक केली. ज्यांचं पोट चौदा तासांत रिकामं झालं नव्हतं त्यांना तो पास म्हणाला, आणि जिचं पोट केव्हाच रिकामं होतं तिला पाण्याविना वाळवलं. माझा सगळा राग या "रात्री बारा"वर आहे. हे बारा कुठून आलं बघायला गेलं तर गंमत वाटते. लिस्टरनं, तोच जंतुनाशकवाला, १८८३ मध्ये लिहून ठेवलंय की क्लोरोफॉर्म देताना पोटात घन काही नसावं, पण साधारण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप दिलेलं चांगलंच. म्हणजे घन वेगळं आणि पातळ वेगळं हे तेव्हाच कळलेलं होतं. मेंडेल्सननंतर सगळे घाबरले आणि दोन्ही एकत्र करून रात्री बारा ही सोपी वेळ धरली, सोपी म्हणजे वॉर्डाला सोपी, कारण लिस्ट वरखाली झाली तरी सगळे तयार. १९९९ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं कागदावर ते मोडलं, पाणी आणि तत्सम दोन तास, आईचं दूध चार, बाकीचं दूध आणि हलकं खाणं सहा, तळलेलं-तुपकट-मटण आठ किंवा जास्त. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. तरी आमच्याकडं वॉर्डाच्या भिंतीवर बाराच आहेत. मिरजेत वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केल्यापासून हा भाग दवाखान्यांचा, बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतात, रात्री मुक्कामाला येतात, वाटेत काय खाल्लं काय नाही कुणाला पत्ता नसतो, त्यामुळं एकच ठोक नियम सांगायचा मोह होतो हे मला समजतं. पण ठोक नियमाची किंमत आज्जी देतात.

चहाचं जरा वेगळं सांगायला पाहिजे कारण भांडणं तिथंच होतात. "चहा म्हणजे पाणीच की," हे मी मावशींकडून, वॉर्डबॉयकडून, एकदा एका डॉक्टरांच्या वडिलांकडूनही ऐकलंय. कोरा चहा असेल तर पाणीच, साखर घातली तरी चालते, दोन तास आधीपर्यंत. युरोपियन गाईडलाईन, २०११ ची, तर म्हणते की एक पंचमांशापर्यंत दूध असलेला चहाही चालवून घ्या. पण आमच्याकडचा चहा कधी बघितलाय का, निम्मं दूध, आणि पाहुण्याला तर पाणी लागूच देत नाहीत. दूध पोटात गेलं की आम्लानं फुटतं, गाठी होतात आणि ते घनासारखं वागतं. म्हणून आपला चहा सहा तासांत धरायचा, आणि त्याबरोबर खारी किंवा बटर गेलं असेल तर विचारायलाच नको. पेशंट "फक्त चहा" म्हणाला तर खारी विचारायचीच, कारण खारी त्याच्या हिशेबात चहातच येते.

काकांच्या दुसऱ्या तारखेकडं येते. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी समजून घेतलं. प्रश्न होता इंजेक्शन बंद करायचं का. २०२३ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं की आठवड्याचं इंजेक्शन असेल तर आठवडाभर आधी थांबवा. पण टिर्झेपेटाइड निम्मं व्हायलाच साधारण पाच दिवस लागतात, सेमाग्लुटाइडला आठवडा, मग एक डोस चुकवून सगळं निघून जातं असं नाही, आणि शुगरच्या पेशंटला बंद केलं तर शुगर चढते, चढलेल्या शुगरनं जठर अजून मंदावतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून थोडी वेगळी भूमिका घेतली, बहुतेकांचं चालू ठेवता येतं, पण डोस वाढवण्याच्या टप्प्यात असलेले, मळमळ-उलटी-पोट गच्चवाले, जास्त डोसवाले यांना सांभाळून, आदल्या दिवशी २४ तास पातळ आहार, आणि शंका असेल तर सोनोग्राफी. काका नेमके वाढत्या डोसवाले आणि तक्रारवाले. मग ठरलं की डोस परत २.५ वर आणायचा, तक्रारी पूर्ण थांबेपर्यंत तारीखच घ्यायची नाही, आणि ऑपरेशनच्या आठवड्यातला डोस चुकवायचा, त्या दिवसांत शुगर घरीच रोज बघायची आणि मला कळवायची. काकांनी वहीत लिहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, द्राक्षाच्या फवारणीच्या वहीतच, शेवटच्या पानावर.

जुलैच्या शेवटी आले. आदल्या दिवशी घन काही नाही, वरणाचं गाळलेलं पाणी, मलई नसलेलं शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, लिंबूपाणी. पहाटे साडेपाचला मी सांगितल्याप्रमाणे ग्लासभर पाणी, ऑपरेशन आठला. काकू म्हणाल्या, "हे काय नवीन, पाणी प्या म्हणताय?" ढेकर नाही, मळमळ नाही. उजव्या कुशीवर अँट्रम बघितलं, आत थोडंसं काळं, म्हणजे पातळच. क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आलं. त्यावरून किती मिलिलिटर हे काढायचं सूत्र आहे, २७ अधिक १४.६ गुणिले क्षेत्रफळ, वजा १.२८ गुणिले वय, ते धरलं तर साधारण ३१ मिलिलिटर. किलोमागं दीड मिलिलिटरपर्यंत उपाशी माणसाच्या पोटात असतंच, लाळ आणि जठररस कुठं जाणार, यांचं तर ०.३ च्या आसपास होतं. (हे सूत्र फक्त पातळासाठी, जूनमध्ये घन दिसलं तेव्हा आकडा काढण्यात अर्थच नव्हता, घन दिसलं की भरलेलं, विषय संपला.) तरीही डोकं वर ठेवून भूल दिली, नळी टाकली, सगळं सुरळीत. पित्ताशयात सात-आठ खडे निघाले, काकांनी डबीत घालून मागून घेतले. दुसऱ्या दिवशी घरी गेले.

कागद बदललाय. आता त्यावर "रात्री बारा" नाही, ऑपरेशनची अंदाजे वेळ लिहून सिस्टर त्यावरून मागं मोजून दोन वेळा पेनानं लिहितात, एक शेवटच्या खाण्याची आणि दुधाच्या चहाची, एक शेवटच्या पाण्याची, आणि लिस्ट लांबली तर ओटीतून वॉर्डाला फोन जातो की अमक्या पेशंटला अजून पाणी चालेल. हा फोन पहिल्यांदा विसरला जायचा, आता बऱ्यापैकी जातो. औषधांच्या रकान्यात एक सरळ प्रश्न घातला, "पोटावर किंवा मांडीवर आठवड्याला घ्यायचं कुठलं इंजेक्शन चालू आहे का, वजनाचं असलं तरी सांगा", आणि खाली "कालचं जेवण आज वर येतंय का". वजनाचं असलं तरी हे शब्द काकांमुळं आले. खालची ओळ कानडीतही छापलीय.

सरांचं आणि माझं एका बाबतीत अजून पटत नाही. त्यांचं म्हणणं, अशी इंजेक्शनं घेणाऱ्या सगळ्यांची दोन आठवडे आधी सरसकट बंद करा, झंझट नको. मला ते पटत नाही, त्यातले निम्मे शुगरवाले, त्यांची शुगर कोण बघणार, आणि ज्यांना तक्रारच नाही, एकाच डोसवर वर्षभर आहेत, त्यांना कशाला त्रास. सध्या ठरलंय ते असं की तारीख देतानाच इंजेक्शन विचारायचं, ज्यानं लिहून दिलंय त्या डॉक्टरांशी बोलायचं आणि पेशंटप्रमाणे निर्णय घ्यायचा. तो फोन सर्जननं करायचा की भूलवाल्यांनी, यावर मात्र दर सोमवारी चहाच्या टेबलावर वाद होतोच.